४७ खुर्च्यांचा हिशेब: मानवी हक्कांच्या ठरावासाठी मतं कशी जमवायची

७ ऑक्टोबर २०२१. जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत येमेनवरचा ठराव मताला आला. युद्धातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या तज्ज्ञगटाला मुदतवाढ द्यायची की नाही, एवढाच प्रश्न होता. ठरावामागे पुढाकार नेदरलँड्सचा. १८ बाजूने, २१ विरोधात, ७ तटस्थ. ठराव पडला. मानवी हक्क परिषद २००६ साली सुरू झाल्यापासून ठराव मतदानात पडण्याची ती पहिलीच वेळ. आदल्या वर्षी याच कामाला २२ बाजूने, १२ विरोधात आणि १२ तटस्थ अशी मतं होती. मधल्या काळात काही सदस्य बदलले हे खरं, पण बाजूची चार मतं गळाली यापेक्षा जास्त नडली ती विरोधात वाढलेली नऊ. सौदी अरेबिया त्या वर्षी परिषदेचा सदस्यही नव्हता, तरी ठरावाविरुद्ध त्याने जोर लावला होता. सदस्य नसलेल्याला मत नसतं, फोन असतो.

आपल्याकडच्या हक्क-संस्थांना अहवाल लिहिता येतो, पीडितांची साक्ष नीट नोंदवता येते, पत्रकार परिषद घेता येते. डोकी मोजायची म्हटलं की मात्र नाक मुरडलं जातं. ते राजकारण्यांचं काम, असं वाटतं. काही वर्षं हे काम केल्यावर माझं मत उलटं झालंय. पुरावा ठरावाला सभागृहाच्या दारापर्यंत आणतो. पुढचं सगळं डोकी मोजण्यावर. आणि त्यातही खरं काम असतं ते तळ्यात-मळ्यात करणाऱ्यांवर.

आधी घराची रचना

परिषदेत ४७ देश. आफ्रिका १३, आशिया-पॅसिफिक १३, लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियन ८, पश्चिम युरोप व इतर ७, पूर्व युरोप ६. निवड न्यूयॉर्कला आमसभेत गुप्त मतदानाने होते, मुदत तीन वर्षांची, आणि लागोपाठ दोन मुदती झाल्या की लगेच पुन्हा उभं राहता येत नाही. दरवर्षी साधारण एक तृतीयांश घर बदलतं. म्हणून मागच्या वर्षीची गोळाबेरीज यंदा शिळी.

'२४ मतं लागतात' हे वाक्य तुम्हाला जो तो ऐकवेल. नियम तसा नाही. बाजूने आणि विरोधात पडलेल्या मतांतच बहुमत मोजतात, तटस्थ हिशेबात धरत नाहीत. ऑक्टोबर २०२२ मध्ये श्रीलंकेवरचा ठराव २० बाजूने, ७ विरोधात, २० तटस्थ असा मंजूर झाला. जुलै २०१९ मध्ये आइसलँडने फिलिपिन्समधल्या अमली पदार्थविरोधी मोहिमेतल्या हत्यांवर ठराव आणला, तो १८-१४-१५ ने पार पडला.

आता उलटं उदाहरण. ६ ऑक्टोबर २०२२ ला चीनमधल्या शिनजियांगवरच्या मानवी हक्क अहवालावर नुसती चर्चा घ्यावी, असा प्रस्ताव आला. १७ बाजूने, १९ विरोधात, ११ तटस्थ. तटस्थांत भारत, ब्राझील, मेक्सिको, मलेशिया, एवढंच काय, युक्रेनसुद्धा. कागद-पेन्सिल घेऊन बसा. तटस्थांतले दोघे बाजूने आले असते तर १९-१९, आणि बरोबरी झाली की प्रस्ताव पडतो. तिघे लागले असते. पण विरोधातले तिघे नुसते तटस्थ झाले असते, तरी १७-१६ ने काम झालं असतं. चीनच्या विरोधात हिरवं बटण दाबायला लावणं आणि लाल बटणावरचं बोट उचलायला लावणं, यातलं सोपं कोणतं ते सांगायला नको.

म्हणून प्रत्येक देशाकडून काय मागायचं, ते वेगवेगळं ठरतं. एकाकडून होकार, दुसऱ्याकडून तटस्थता, तिसऱ्याकडून एवढंच की मतदानाआधी कडक भाषण करून त्याने शेजाऱ्यांना आपल्यामागे ओढू नये.

ठराव कोणाचा आणि कोणत्या विषयाखाली

संस्थेला ठराव मांडता येत नाही, तो देशच मांडतो. तेव्हा पहिलं लॉबिंग मतांसाठी नसतंच, ते प्रस्तावक मिळवण्यासाठी असतं. एकटा बडा देश पुढे असला की ठराव त्याच्याविरुद्धच्या जुन्या रागावर पडू शकतो. निरनिराळ्या खंडांतल्या पाच-सहा देशांचा मुख्य गट असेल तर गोष्ट वेगळी. स्वच्छ पर्यावरणाचा हक्क मान्य करणारा ठराव ऑक्टोबर २०२१ मध्ये कोस्टा रिका, मालदीव, मोरोक्को, स्लोव्हेनिया आणि स्वित्झर्लंड यांनी आणला. त्याला ४३ मतं, विरोधात एकही नाही. भारत, चीन, जपान आणि रशिया तटस्थ. त्यामागे हजारावर संस्थांची सही असलेलं आवाहन होतं आणि वर्षानुवर्षांची मशागत होती, हेही लक्षात ठेवा.

विषयसूचीतला क्रमांकही मतं हलवतो. क्रमांक ४ म्हणजे 'परिषदेचं लक्ष आवश्यक असलेल्या परिस्थिती'. या शीर्षकाखाली एखाद्या देशाचं नाव आलं की काही देश मजकूर न वाचताच विरोधात जातात. तेच त्यांचं धोरण असतं. क्रमांक २, म्हणजे मानवी हक्क उच्चायुक्तांच्या अहवालांचा, त्याहून सौम्य आहे, श्रीलंकेचे ठराव तिथे येत राहिले. क्रमांक १० तांत्रिक साहाय्याचा, म्हणजे संबंधित देशाच्या संमतीचा. खाली उतरलं की मतं वाढतात आणि ठरावाचे दात कमी होतात. किती दात सोडायचे, हे पीडितांच्या संघटनांना विचारल्याशिवाय ठरवू नका. जिनिव्हाच्या कॉफीत बसून ते ठरवण्याचा मोह फार होतो.

आत शिरायचं कसं

मानवी हक्क परिषदेत बसायला संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेचा 'सल्लागार दर्जा' लागतो. तो देणारी समिती देशांचीच, आणि तिथे अर्ज अडवायची रीत म्हणजे प्रश्न विचारत राहणं. दलित हक्कांसाठी काम करणारं आंतरराष्ट्रीय दलित ऐक्य जाळं सुमारे पंधरा वर्षं तिथे अडकलं होतं. शंभराच्या घरात लेखी प्रश्न आले, ते भारताकडून. शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये खुद्द आर्थिक व सामाजिक परिषदेत मतदान होऊन दर्जा मिळाला. जातीच्या प्रश्नावर काम करणाऱ्या महाराष्ट्रातल्या संस्थांना ही कथा ठाऊक असायला हवी.

छोट्या संस्थेने एवढं थांबायची गरज नाही. दर्जा असलेली मित्रसंस्था तुमच्या माणसाची नोंदणी आपल्या नावावर करू शकते. जायच्या आधी एक गोष्ट मात्र गंभीरपणे ठरवा: कोणाचं नाव पुढे येईल, कोणाचा फोटो निघेल, परतल्यावर कोणाला त्रास होऊ शकतो. संयुक्त राष्ट्रांचे महासचिव अशा सूडाच्या घटनांवर दरवर्षी अहवाल देतात. तो अहवाल निघतो यावरूनच काय ते समजा. आपलं परदेशी निधीचं हिशेबपत्रकही आधी जाणकाराकडून तपासून घ्या.

तक्ता

या कामाचं मुख्य हत्यार म्हणजे ४७ ओळींचा तक्ता. त्यातली एक ओळ, देशाचं नाव गाळून, दाखवतो:

*आफ्रिका गट. मुदत संपते पुढच्या डिसेंबरात. मागचं मत तटस्थ, त्याआधी विरोधात. भाषणातली हरकत: संबंधित देशाची संमती नाही, खर्च जास्त. मत ठरतं: मंत्रालयाच्या बहुपक्षीय विभागात. कोणाचं ऐकतील: शेजारी देश, मुख्य गटातला आफ्रिकी सदस्य. तिकडचा आपला दुवा: राजधानीतली वकिलांची संघटना. शेवटचं बोलणं: मंगळवार, द्वितीय सचिव, 'सूचनेची वाट बघतोय'. अंदाज: तटस्थ, घसरू शकतं.*

यातली निम्मी माहिती घरबसल्या मिळते. मतदानाच्या नोंदी संयुक्त राष्ट्रांच्या डिजिटल ग्रंथालयात आहेत, भाषणांचं चित्रण त्यांच्या वेब टीव्हीवर. नुसतं मत बघू नका, मतामागचं स्पष्टीकरण ऐका. 'आम्ही तटस्थ राहिलो कारण सहावं कलम…' असं कोणी म्हटलं असेल, तर सहाव्या कलमाची किंमत तुम्हाला फुकटात कळली. परिषदेवर निवडून येताना देश लेखी आश्वासनं देतात, तीही काढून ठेवा. आपल्याच राजदूताने सही केलेला कागद समोर आला की बोलण्याचा सूर बदलतो.

शेवटच्या रकान्यात मी पूर्वी 'हो / नाही / माहीत नाही' लिहायचो. एका राजदूतांनी कॉफी घेताना हात हातात घेऊन सांगितलं, 'तुमची काळजी आम्हालाही वाटते.' मी 'हो' लिहिलं, मुख्य गटालाही तसं कळवलं. मतदानाच्या दिवशी फलकावर त्यांच्या नावापुढे पिवळा दिवा. चूक त्यांची नव्हती, त्यांनी मत देऊ असं म्हटलंच नव्हतं. तेव्हापासून 'पक्कं' फक्त तेव्हाच लिहितो, जेव्हा प्रतिनिधी स्वतः सांगतो की राजधानीहून सूचना आली आहे आणि ती अमुक आहे. बाकी सगळी सहानुभूती. ती वेगळ्या रकान्यात.

मत पडतं जिनिव्हात, शिजतं दुसरीकडे

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. भारताचंच उदाहरण घेऊ, कारण ते आपल्या डोळ्यांसमोर घडलं.

मे २००९ मध्ये श्रीलंकेतलं युद्ध संपल्यावर परिषदेच्या विशेष सत्रात श्रीलंकेला सोयीचा ठराव २९-१२-६ ने मंजूर झाला, भारत त्याच्या बाजूने. तीनच वर्षांनी, २२ मार्च २०१२ ला, अमेरिकेच्या पुढाकाराने आलेला श्रीलंकेकडून जबाबदारी मागणारा ठराव २४-१५-८ ने पार पडला आणि भारताने त्याच्या बाजूने मत दिलं. मधे काय झालं? द्रमुक केंद्रातल्या आघाडीत होता, तामिळनाडूत वातावरण तापलेलं होतं, आणि मतदानाच्या तीन दिवस आधी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी लोकसभेत सांगितलं की ठरावाच्या बाजूने मत देण्याकडे सरकारचा कल आहे. देशविशिष्ट ठरावांना विरोध ही भारताची जुनी भूमिका, ती चेन्नईतून हलली.

पण फुकट हलली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयाने द्यायचं साहाय्य श्रीलंका सरकारशी सल्लामसलत करून आणि त्याच्या सहमतीने असावं, ही शब्दयोजना मसुद्यात आली. भारताला हवी होती तशी.

२०१३ मध्ये तर १९ मार्चला द्रमुकने आघाडी सोडली. तरीही २१ मार्चला भारताने पुन्हा बाजूने मत दिलं, २५-१३-८. आणि २०१४? सरकार तेच, तामिळनाडूचा राग तोच, लोकसभा निवडणूक तोंडावर. भारत तटस्थ. कारण त्या वर्षीच्या ठरावात मानवी हक्क उच्चायुक्तांच्या कार्यालयाकडून आंतरराष्ट्रीय चौकशी होती, आणि ती भारताला हस्तक्षेप वाटली. ठराव २३-१२-१२ ने पास झाला. राजधानीतला दबाव मत हलवतो, पण मसुदा किती पुढे जातो त्यावर त्या दबावाची मर्यादा ठरते. हे दोन्ही हात एकाच वेळी चालले पाहिजेत.

म्हणजे करायचं काय? तक्त्यातल्या दहा-बारा डळमळीत देशांच्या राजधानीत दुवा शोधा. खासदार, तिथली बार असोसिएशन, चर्च किंवा कामगार संघटना, एखाद्या मोठ्या वर्तमानपत्राचा संपादक. प्रश्न संसदेत विचारला गेला की परराष्ट्र खात्याला उत्तर लिहावं लागतं, आणि उत्तर लिहायला फाइल उघडावी लागते. फाइल उघडणं हेच अर्धं काम. सत्र सुरू झाल्यावर हे करायला गेलात तर वरातीमागून घोडं. पत्र सहा आठवडे आधी मंत्रालयात हवं.

काही छोट्या देशांचं गणित उलटं असतं. त्यांच्या जिनिव्हाच्या कार्यालयात दोन-तीन माणसं, आणि तीच आरोग्य, कामगार, व्यापार अशा सगळ्या संघटना सांभाळतात. राजधानीहून सूचनाच येत नाही. तिथे समोर बसलेला अधिकारी स्वतः ठरवतो. त्याला तुमचा चाळीस पानी अहवाल नको असतो; त्याला उद्या सकाळी वरिष्ठांना पाठवता येईल असा परिच्छेद हवा असतो. तो तुम्हीच लिहून द्या.

भेटीतली पंधरा मिनिटं

राजदूतापेक्षा मानवी हक्कांचं टेबल सांभाळणारा सचिव गाठा. मसुदा तो वाचतो, राजधानीला टिपण तो लिहितो. भेट कार्यालयात नाही जमली तर इमारतीतल्या 'सर्पंटाइन' कॉफीबारमध्ये जमते. अर्धी मुत्सद्देगिरी तिथल्या टेबलांवरच चालते.

हातात एकच पान. वर ठरावाचं नाव, मसुद्याची तारीख, मताचा अंदाजे दिवस. मग तीन ओळी: काय घडलं, ठराव काय मागतो, काय मागत नाही. ही तिसरी ओळ सगळ्यात मोलाची. त्यानंतर त्या देशाच्या मागच्या हरकतीचं उत्तर. आणि शेवटी तुमची मागणी, स्वच्छ शब्दांत. ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही.

बोलणं साधारण असं होतं:

'आमचं धोरण ठाऊकच आहे तुम्हाला. एका देशाला लक्ष्य करणारे ठराव आम्ही मानत नाही.'

'हो मॅडम, म्हणूनच होकार मागायला आलो नाही. गेल्या वेळी तुम्ही तटस्थ होतात. यंदा विरोधात जाणार असं कानावर आलं.'

'सूचना आलेली नाही अजून.'

'दहावं कलम अडतंय का?'

(इथे गप्प बसायचं. शांतता असह्य झाली तरी.)

'दहावं नाही. प्रस्तावनेतला तो निर्बंधांचा उल्लेख. तो असेपर्यंत राजधानीला काही पटवता येणार नाही.'

झालं. तुम्ही ज्यासाठी गेला होतात ते मिळालं. आभार माना, त्यांनी सांगितलेलं मुख्य गटाला संध्याकाळपर्यंत पोचवा, आणि कुठेही त्यांचं नाव घेऊ नका. एका देशाने खासगीत सांगितलेलं दुसऱ्याला सांगितलंत, तर पुढच्या सत्रात कोणी तुमच्यासमोर तोंड उघडणार नाही.

आणि खोटं कधी नाही. आकडा पक्का नसेल तर 'पक्का नाही' म्हणा. समोरच्या बाजूचे लोकही याच माणसाला भेटणार आहेत, तुमची चूक ते दाखवतीलच.

शब्दांचा बाजार

मसुद्यावर खुल्या अनौपचारिक बैठका होतात. तिथे संस्थांना बसता येतं, बऱ्याचदा बोलताही येतं. 'तीव्र निषेध करते', 'चिंता व्यक्त करते', 'नोंद घेते': या तीन क्रियापदांत मतांचं अंतर असतं. प्रस्तावनेतला एखादा शब्द सोडायला हरकत नाही. खालच्या कृतीच्या कलमांत मात्र यंत्रणा, मुदत आणि अहवालाचं बंधन या तिन्हींना धक्का लागू देऊ नका. 'स्वागत करते'चं 'नोंद घेते' झालं म्हणून रडणारे मी पाहिलेत, आणि त्याच बैठकीत 'दरवर्षी अहवाल'मधला 'दरवर्षी' निघून गेला ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

शेवटचे तीन दिवस

मसुदा सादर झाला की विरोधक उपसूचना आणतात. त्यांच्यासाठी वेगळा तक्ता करा, कारण ठरावाला होकार देणारा देश उपसूचनेलाही होकार देऊ शकतो. एखाद्या कलमावर वेगळं मतदान मागितलं जातं, किंवा 'यावर कोणतीही कृती करू नये' असा प्रस्ताव येतो. प्रतिनिधींच्या हातात प्रत्येक उपसूचनेपुढे 'हो' की 'नाही' लिहिलेला छोटा कागद द्या. एकामागून एक मतदान सुरू झालं की अनुभवी माणसंही गोंधळतात. लैंगिक कल आणि लिंगओळख यावरच्या स्वतंत्र तज्ज्ञाचं पद निर्माण करणारा ठराव जून २०१६ मध्ये असाच उपसूचनांच्या रांगेतून गेला. काही उपसूचना त्याला चिकटल्याही. शेवटी २३-१८-६, भारत तटस्थ.

आणि हजेरी बघा. येमेनची बेरीज पुन्हा करा: १८, २१ आणि ७ म्हणजे ४६. एक खुर्ची मतातच नव्हती. मतदान जेवणाच्या वेळेत घसरेल अशी शक्यता असेल तर आपल्या बाजूच्या छोट्या कार्यालयांना सकाळीच निरोप द्या.

फलक विझल्यावर

त्याच संध्याकाळी आभाराची पत्रं. तटस्थ राहिलेल्यांनासुद्धा, विशेषतः विरोधातून तटस्थ झालेल्यांना. गरज सरो वैद्य मरो असं वागणाऱ्या संस्था लोक लक्षात ठेवतात. नवी स्पष्टीकरणं ऐकून तक्त्यात भरा.

मग नजर न्यूयॉर्ककडे. २०१६ चा तोच ठराव नोव्हेंबरात आमसभेच्या तिसऱ्या, म्हणजे मानवी हक्कांचे विषय पाहणाऱ्या समितीत लांबणीवर टाकायचा प्रयत्न आफ्रिकी गटाने केला. लॅटिन अमेरिकी देशांनी तो ८४ विरुद्ध ७७ मतांनी उलटवला, १७ तटस्थ. न्यूयॉर्कला सगळे सदस्य मत देतात, म्हणजे तक्ता १९३ ओळींचा. उलटलेलं मत तिथे परत फिरवताही येतं. नोव्हेंबर २०१० मध्ये न्यायबाह्य हत्यांच्या ठरावातून लैंगिक कलाचा उल्लेख ७९-७० ने काढून टाकला होता. महिनाभर संस्थांनी राजधान्यांत फोन, पत्रं, बातम्या यांचा मारा केला आणि २१ डिसेंबरला तो उल्लेख ९३-५५-२७ ने परत आला. यंत्रणेला लागणारा पैसाही तिथल्याच पाचव्या समितीत मंजूर होतो. ठराव मिळाला आणि कर्मचारी मिळाले नाहीत, असं व्हायला वेळ लागत नाही.

पुढच्या वर्षी परिषदेवर कोण येणार ते बहुधा ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या निवडणुकीत ठरतं. उभे राहिलेले देश त्या आधी दारोदार मतं मागत असतात, आणि तेवढे दिवस ते तुमचाही फोन उचलतात. तुमच्या ठरावाबद्दल त्यांना विचारायचं असेल ते तेव्हाच विचारून घ्या, उत्तर तारखेसह लिहून ठेवा, आणि तक्त्यात त्यांची ओळ आत्ताच उघडा.